पाण्याचा फिल्टर : काय अडतं, काय निसटतं

रविवार, १३ जुलै

सकाळ वाळू धुण्यात गेली, आणि ती तशी जायलाच हवी. मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी बाटलीत वाळू-कोळशाचा जो फिल्टर बनवतात, त्यात सगळ्यात जास्त घाई इथेच होते. बांधकामावरून आणलेल्या वाळूत माती असतेच. ती तशीच भरली, तर वरून ओतलेल्या पाण्यापेक्षा खाली आलेलं पाणी जास्त गढूळ निघतं. आधी रव्याच्या चाळणीने वाळू चाळून खडे काढायचे. मग बादलीत वाळू, वर चार बोटं पाणी, हाताने जोरात ढवळायचं आणि वाळू तळाला बसताच वरचं पाणी ओतून द्यायचं. काचेच्या पेल्यात ओतणीचं पाणी नितळ दिसेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

बाकी सामान सोपं आहे. कोल्ड्रिंकची २ लिटरची बाटली, बुडाकडून ४ सेंटिमीटरवर कापलेली. हे काम मोठ्यांनी करावं आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावावी. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने चार-पाच भोकं. बाटली उलटी धरून तोंडाशी आतून मलमलची दुहेरी घडी, त्यावर चण्याएवढी धुतलेली खडी अर्धा किलो, मग पुन्हा मलमल, ४ सेंटिमीटर कोळसा, पुन्हा मलमल, ८ सेंटिमीटर वाळू (साधारण १ किलो लागते) आणि सगळ्यात वर थोडी खडी. ही वरची खडी गाळण्यासाठी नसते. पाण्याची धार थेट वाळूवर पडली की खड्डा पडतो आणि पाणी त्याच वाटेने निसटतं, म्हणून ती हवी. मधली मलमल वगळली तर वाळू कोळशाच्या फटींतून खाली उतरते. चित्रात थर सुबक दिसतात, बाटलीत तासाभरात एकमेकांत मिसळतात.

कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा हवा, इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो. दगडी कोळसा किंवा चुलीतली राख नको. खलबत्त्यात साबुदाण्याएवढे तुकडे करायचे, भुकटी चाळून टाकायची, नाहीतर पाणी काळं येतं. कोरडा कोळसा पाण्यावर तरंगतो, थर उचलला जातो. म्हणून दहा मिनिटं उकळून, रात्रभर भिजवून, बुडाला की वापरायचा. साध्या कोळशाकडून फार अपेक्षाही नको. दुकानातल्या फिल्टरमधला कोळसा ‘सक्रिय’ केलेला असतो, त्याच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. पाण्यात निळ्या शाईचा थेंब टाकून दोन्ही कोळशांतून गाळलं की फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. प्रकल्पात हा प्रयोग असायलाच हवा.

वाळू भरताना बाटलीत आधी पाणी ठेवावं आणि वाळू त्यात सोडावी. कोरडी भरली की हवा अडकते, मध्येच धार थांबते. बाजूने हलक्या टिचक्या मारल्या की प्लॅस्टिकलगतची फट बुजते.

आता खरी अडचण, काळ्या मातीची. तिचे चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, त्यांवर ऋण विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना ढकलत दिवसचे दिवस पाण्यात तरंगतात. वाळूच्या फटी त्यांच्या कितीतरी पट मोठ्या. त्यामुळे आधी तुरटी : तिने हे कण एकत्र येऊन पुंजके होतात आणि तळाला बसतात. १ ग्रॅम तुरटी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. एकेक लिटर गढूळ पाण्याची चार भांडी घेऊन त्यांत ०, ३, ६ आणि ९ मिलिलिटर द्रावण टाकायचं. एक मिनिट जोरात, मग दहा मिनिटं अगदी सावकाश ढवळायचं, अर्धा तास हात लावायचा नाही. सावकाश ढवळणं महत्त्वाचं, जोरात ढवळत राहिलं तर जमलेले पुंजके पुन्हा फुटतात. आणि एक गोष्ट जी शिक्षकांनाही चकवते : पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात माती कालवली तर पुंजके नीट जमत नाहीत. तुरटीला पाण्यातली बायकार्बोनेटं लागतात. विहिरीचं पाणी घ्यावं, किंवा चिमूटभर खायचा सोडा टाकावा.

वरचं निवळलेलं पाणीच फिल्टरमध्ये ओतायचं, आणि हळू. मोठ्या संथ वाळू-गाळणीत पाणी तासाला १० ते २० सेंटिमीटर उतरतं. आपल्या बाटलीच्या आकाराला १० सेंटिमीटर म्हणजे मिनिटाला जेमतेम १४ मिलिलिटर, पेलाभर पाण्याला पाव तास. भोकं बुजवून किंवा मत्स्यालयाच्या नळीची छोटी तोटी लावून धार तेवढी बारीक करता येते.

या संथपणाची किंमत १८९२ साली कळली. जर्मनीतलं हॅम्बुर्ग आणि शेजारचं आल्टोना, दोन्ही एल्बे नदीचं पाणी पीत. आल्टोना तर हॅम्बुर्गच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाला. पण तिथे वाळूतून गाळलेलं पाणी होतं, हॅम्बुर्गमध्ये नव्हतं. हॅम्बुर्गमध्ये पटकीने (कॉलऱ्याने) साडेआठ हजारांवर माणसं गेली, आल्टोना बरंचसं वाचलं. तिथे नुसती वाळू काम करत नव्हती. तिच्या पृष्ठभागावर आठवड्यांनी तयार होणारा सूक्ष्मजीवांचा पातळ थर जंतू अडवत होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भरलेल्या बाटलीत तो थर नसतो. म्हणून हे पाणी पिऊन दाखवायचं नाही, कितीही नितळ असो.

मुलांनी मोजावं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पांढऱ्या कागदावर काळी फुली, तिच्यावर काचेचं उंच भांडं, फुली दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि उंची लिहायची. आधीची, तुरटीनंतरची, गाळल्यानंतरची. मग मीठ घातलेलं पाणी गाळून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावायचा : विरघळलेलं मीठ जवळपास जसंच्या तसं खाली येतं.

शेवटी जंतूंची चाचणी. एचटूएस बाटलीत (शौचातून येणारे जंतू पाण्यात असले की काळी पडणारी चाचणीची बाटली) खुणेपर्यंत गाळलेलं पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. नितळ पाण्याची बाटली काळी पडली, तर तक्त्यात तेही ठळक लिहायचं. शेजारी तुलनेसाठी तेच पाणी उकळून, झाकून थंड करून भरलेली दुसरी बाटली ठेवावी. काळी पडलेली बाटली मुलांनी उघडायची नाही; मोठ्यांनी हातमोजे घालून तिच्यात ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी ओतावं, तासभर ठेवावं, मग शौचालयात रिकामी करावी.