आत्याच्या ओव्या हेक्स एडिटरमधून परत मिळवताना

आत्यानं गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या वर्ड २००३मध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. फाइल एकच, तीही एका जुन्या पेन ड्राइव्हवर. यंदा ती उघडेना. ‘करप्ट झालीय, आता काही होणार नाही’ असं दोघातिघांनी सांगितलं. पण फाइलचा आकार जसाच्या तसा दिसत होता, त्यामुळे मला आशा सोडवेना. आधी फाइलची प्रत काढली, पेन ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि प्रत एचएक्सडी या मोफत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली.

पडद्यावर तीन भाग दिसतात. डावीकडे ऑफसेट, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर. मधे एका ओळीत १६ बाइट, प्रत्येक बाइट दोन अंकी. उजवीकडे त्याच बाइटांची अक्षरं, आणि दाखवण्यासारखं चिन्ह नसेल तिथे टिंब. अंक ० ते ९ आणि पुढे ए ते एफ, असे सोळा; या पद्धतीलाच हेक्स म्हणतात.

वर्ड २००३ची धडधाकट डॉक फाइल ‘डी० सीएफ ११ ई०’ या बाइटांनी सुरू होते. माझ्या फाइलीत तिथे शून्यं होती. खाली सरकत गेलो तरी शून्यंच. कंट्रोल-जी दाबून थेट १००० या ऑफसेटवर गेलो, तर नेमकं तिथून काहीतरी भरलेलं दिसलं. हेक्समधले १००० म्हणजे आपले ४०९६. डिस्कवर जागा बऱ्याचदा एवढ्याच तुकड्यांनी वाटलेली असते, म्हणजे फाइलचा पहिला तुकडा गेला होता. फाइलीत काय कुठे आहे हे शोधायला लागणारी सुरुवातीची माहिती त्याच तुकड्यात असते. ती नाही म्हटल्यावर वर्डला फाइल कशी उघडणार?

पुढच्या ओळी बघताना एक गोष्ट नजरेत भरली. एकाआड एक बाइट ०९ होता. ओळीमागून ओळी तेच. जुन्या डॉक फाइलीत मराठी मजकूर युटीएफ-१६मध्ये असतो: प्रत्येक अक्षराला २ बाइट, आणि क्रमांकाचा मागचा अर्धा भाग आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचे नेहमीचे क्रमांक ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यात येतात. म्हणून ‘ओवी’ हा शब्द असा दिसतो: १३ ०९ ३५ ०९ ४० ०९. ओ, व आणि दीर्घ वेलांटी. मधूनच येणारं २० ०० म्हणजे मोकळी जागा, ०डी ०० म्हणजे परिच्छेद संपला. हे ओळखल्यावर उजवीकडच्या टिंबांकडे मी पाहिलंच नाही, मधल्या रकान्यातूनच ओव्या वाचता येऊ लागल्या. हळूहळू, अक्षर लावत, पण आत्याच्याच ओव्या!

आत्यानं तेव्हा युनिकोड वापरलं हे नशीब. त्या काळात बरेच जण ज्या फॉन्टांत मराठी लिहीत, त्यांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तसं असतं तर ही ०९ची खूणच मिळाली नसती.

मग कंट्रोल-एफ दाबून, हेक्स व्हॅल्यूज निवडून, ‘ओवी’चे सहा बाइट शोधले. आत्या प्रत्येक ओवीवर ‘ओवी’ लिहून क्रमांक घालायची, त्यामुळे एकेका ओवीवर उडी मारत शेवटापर्यंत जाता आलं. मजकुराची हद्द कळल्यावर कंट्रोल-ईनं सुरुवातीचा आणि शेवटचा ऑफसेट देऊन सगळा भाग निवडला, नव्या फाइलीत चिकटवला, अगदी सुरुवातीला ‘एफएफ एफई’ हे दोन बाइट घातले आणि टीएक्सटी म्हणून जतन केला. या दोन बाइटांवरून नोटपॅडला कळतं की पुढे युटीएफ-१६ आहे आणि क्रमांकाचा मागचा अर्धा भाग आधी आहे. नोटपॅडमध्ये स्वच्छ मराठी उघडलं.

इथे एक सांभाळायचं. निवड अक्षराच्या पहिल्या बाइटापासूनच सुरू व्हायला हवी. एक बाइट पुढून सुरुवात झाली तर जोड्या उलट्या लागतात, ३५०९, ४००९ असे क्रमांक तयार होतात आणि पानभर चिनी आणि इतर अनोळखी अक्षरं येतात. मजकूर खराब झालेला नसतो, फक्त एक बाइट मागे यायचं असतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट फाइलच्या शेवटाकडे होती. जुन्या वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ची सोय होती. ती चालू असली की दुरुस्त केलेला मजकूर शेवटी जोडला जायचा आणि आधीचा तसाच आत राहायचा. काही ओव्यांचे त्यामुळे दोन पाठ सापडले: आधी टाइप केलेला, आणि ओवी सांगणाऱ्या बाईंकडे पुन्हा जाऊन, ऐकून, आत्यानं सुधारलेला. वर्डमधून फाइल नीट उघडली असती तर आधीचा पाठ कुणालाच दिसला नसता.

पहिल्या तुकड्याबरोबर प्रस्तावनेची सुरुवात गेली, ती आत्यानं आठवून पुन्हा सांगितली. दोन पाठांचं काय करायचं, हेही तिलाच विचारलं. ती म्हणाली, “दोन्ही ठेव. सुधारलेली ओवी वर, आधीची खाली तळटीपेत. बायका दोन्ही तऱ्हेनं म्हणायच्या.” आता तसंच लावत बसलोय.