पाणी एकीकडे गेलं, वाट दुसरीकडे

काल ताईबरोबर एका पूर्ण अनोळखी पायवाटेने भर पावसात चालून आलो, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लगेच लिहायला बसलोय.

निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती, आधीचे चार-पाच दिवस कडक ऊन पडलेलं त्यामुळे मातीचा वास असा काही सुटला की आम्ही दोघं बोलायचंच थांबलो. या वासाला पेट्रिकोर म्हणतात, हे नाव १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. त्यात जिओस्मिन असतं, ते मातीतले बॅक्टेरिया तयार करतात, आणि आपलं नाक ते इतकं कमी असलं तरी ओळखतं की मला दरवेळी नवल वाटतं.

मग माळावर पोचलो आणि पाऊस धरला. जोरात. वीज चमकली तसं ताईने मोजायला सुरुवात केली, वीस आकडे झाले तेव्हा गडगडाट ऐकू आला. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर धरायचं, म्हणजे वीज सात-एक किलोमीटरवर, आणि उघड्या माळावर तेवढं अंतर अजिबात सेफ नाही. ताई म्हणाली, "चल, आधी खाली उतरू."

उतारावर पायवाटेचा पार ओढा झालेला. पायांनी तुडवून तुडवून तिथली माती घट्ट झालेली असते, पाणी मुरत नाही, बाजूच्या गवतात मुरतं पण वाटेवरून वाहतं. मला वाटलं बरंच झालं, वाट शोधायलाच नको, गढूळ पाण्याच्या मागे मागे जायचं. गेलो. दहा मिनिटांनी घोट्यापर्यंत चिखल, समोर काटेरी झुडपं आणि त्यापलीकडे खरा ओढा, तांबडं पाणी भरून चाललेला, तळ दिसत नव्हता. असल्या वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं, त्यामुळे वाद न घालता मागे वळलो.

वर चढताना डोक्यात प्रकाश पडला. पाणी सरळ उतार पकडतं, माणूस तिरका उतरतो, म्हणजे कुठेतरी दोघांची फारकत झाली असणार आणि आम्ही घाईत पाण्याबरोबर गेलो. तशी जागा सापडलीच! वाट डावीकडे वळत होती आणि बरोबर त्या वळणावर कुणीतरी पाच-सहा चपटे दगड वाटेत तिरके रोवून ठेवलेले, पाणी बाजूला काढून द्यायला, म्हणजे पुढची वाट वाहून जाऊ नये म्हणून. कुणी केलं असेल, कधी, काय माहीत, पण मला त्या माणसाबद्दल एकदम इतकं प्रेम वाटलं ना!

शेवटचा दगड निसटून आडवा झाला होता, तिथून थोडं पाणी वाटेवर येत होतं. ताई खाली बसली, आम्ही दोघांनी मिळून तो पुन्हा जागेवर रोवला, पायाने माती दाबली आणि पाणी पूर्ण वळेपर्यंत तिथेच पावसात उभे राहिलो.