नोंद ६ : ‘घ्याल का?’ हा प्रश्न खोडला

गेल्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की अनुक्रमणिका पक्की झाली, आता पैसे गोळा करायची मोहीम लावते. लावली नाही. मधले सहा आठवडे लोकांना प्रश्न विचारण्यात गेले आणि ‘पक्की’ अनुक्रमणिका निम्मी उरली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : मी कोल्हापूरची, दिवसा बँकेत, रात्री जेवणं आटोपली की अ‍ॅनिमेशन. अगदी पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी मराठीत एक पुस्तिका करतेय, आणि छपाईचा खर्च क्राउडफंडिंगनं उभा करायचा विचार आहे. आईला हे समजावून सांगायला बसले तर म्हणाली, “म्हणजे प्रकाशनपूर्व सवलत की. पैसे आधी, पुस्तक नंतर. त्यात नवं काय?” नवं काहीच नाही. फक्त आपल्याकडे प्रकाशकाच्या नावावर लोक पैसे भरायचे, आणि माझं नाव आमच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. म्हणून आधी चाचपणी.

पहिला गूगल फॉर्म दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पहिलाच प्रश्न : ‘मराठीत अ‍ॅनिमेशनचं सोपं गाईड आलं तर घ्याल का?’ ६३ उत्तरं आली, त्यात ५८ ‘हो’. त्या रात्री मी नवऱ्याला प्रतींचा आकडा हजार करूया म्हणाले होते. मग त्या ५८ मधल्या दहाजणांना एकेकट्यानं मेसेज केला, “शंभर रुपये आगाऊ घेऊन नाव नोंदवू का?” तिघं तयार झाले. दोघांनी अंगठा पाठवला, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. बाकीचे गप्प.

चूक त्यांची नाही. ओळखीच्या बाईनं हौसेनं विचारलं ‘घ्याल का’, तर तोंडावर ‘नाही’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. फुकटचं ‘हो’ मी मागितलं, तेच मिळालं.

पण त्या फॉर्मनं एक खजिना दिलाच. शेवटी ‘आणखी काही सांगायचंय?’ असा रकाना होता. त्यात एका पालकांनी लिहिलं होतं, “कितवीसाठी आहे? स्टेट बोर्ड का सीबीएसई?” दुसऱ्यांनी विचारलं, “उत्तरांसहित आहे का?” आधी हसले, मग डोक्यात प्रकाश पडला. मराठी घरात ‘गाईड’ म्हणजे दहावीचं गाईड! प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा भरा, परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचं ते. वर्षभर मी ज्या शब्दाला कुरवाळत बसले होते, तो ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच पुस्तक येत होतं. शब्द गेला. नवं नाव अजून सुचत नाहीये, सुचवा.

दुसऱ्या फेरीत फॉर्म बाजूला ठेवला आणि फोनवर किंवा समोर बसून २२ जणांशी बोलले. पुस्तकाचं नावही काढायचं नाही असं ठरवलं होतं. विचारायचं ते झालेल्या गोष्टींबद्दल : शेवटचं अ‍ॅनिमेशन कधी करून बघितलंत? कुठं सोडलंत? चित्रकलेचं काही शिकायला शेवटचे पैसे कधी आणि कशावर खर्च केलेत? यातला ‘कुठं सोडलंत’ हा प्रश्न सोन्याचा निघाला. आयटीतल्या एका मुलाचं उत्तर जसंच्या तसं : “ब्लेंडर उतरवलं, उघडलं, मधोमध एक करडा ठोकळा दिसला, बंद केलं.” ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर येणारा तो ठोकळा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे! थोड्याफार फरकानं हेच आणखी पाचजणांनी सांगितलं. कुणी ठोकळ्यापाशी थांबलं, कुणी टाइमलाइनपाशी, म्हणजे चित्रांचा वेळेनुसार क्रम लावायच्या पट्टीपाशी. आणि माझ्या जुन्या आराखड्यात निम्मं पुस्तक ब्लेंडर आणि क्रिटा (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) यांवरच होतं.

ते सगळं काढलं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या जुन्या जाणत्यांनी १९८१ मध्ये मांडलेली अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वंही एका पुस्तिकेत कोंबणार नाही. टायमिंग (एका हालचालीला किती चित्रं), स्पेसिंग (एका चित्रापासून पुढच्यापर्यंत वस्तू किती सरकते), स्क्वॉश-स्ट्रेच (वस्तूचं दबणं-ताणणं) एवढी तीनच, तीही कागदावर. शेवटी मोबाइलवरच्या स्टॉप मोशनचं, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवून दर वेळी फोटो काढायच्या पद्धतीचं, एक प्रकरण. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून फिल्म केली होती, तेव्हा आपणही आगकाड्यांनीच सुरुवात करायची. छपाईच्या हिशोबात (तिथला एक फॉर्म म्हणजे १६ पानं) ११ फॉर्मचं पुस्तक पाचवर आलं, म्हणजे १७६ पानांची ८० पानं. छपाईवाले म्हणाले, “मॅडम, आता जमतंय बघा.”

सगळ्यात उपयोगी बोलणं झालं ते एका चित्रकला शिक्षकांशी. त्यांचं म्हणणं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं हात चांगला तयार करतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, आणि तिथंच ब्रश धुऊन ठेवतात. “त्यांना पुढं काय हे दाखवणारं काहीतरी द्या. पण पैसे बाप देणार आहे, हे विसरू नका.” हे मी खरंच विसरले होते. वाचणारा वेगळा आणि खिशात हात घालणारा वेगळा. तेव्हापासून प्रश्नांचे दोन कागद केलेत. मुलांना विचारते काय अडलं, पालकांना विचारते कशावर खर्च केलात.

किमतीसाठी पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाची १९७६ ची पद्धत वापरली. ‘किती द्याल’ असं विचारायचंच नाही. विचारायचं, किती किंमत असली तर दर्जाची शंका येईल, कितीला स्वस्तात पडलं वाटेल, कितीला महाग वाटेल तरी विचार कराल, आणि कितीला नादच सोडाल. (१९७६ म्हणजे ‘मंथन’चंच साल. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून केलेला सिनेमा. त्यांना कुणी असले चार प्रश्न विचारले नसणार.) २२ जणांच्या उत्तरांतून आलेख काढणं म्हणजे वेडेपणा, तो काढला नाही. पण शंभराच्या खाली “झेरॉक्स मारलेलं असणार” आणि चारशेच्या वर “त्यात रंगपेटी येते” हे इतक्यांदा ऐकलं की अडीचशेवर शिक्का मारला.

आता खरी गंमत. शेजारच्या सातवीतल्या मुलाला उसळत्या चेंडूच्या प्रकरणाची झेरॉक्स, पेन्सिल आणि चिकट चिठ्ठ्यांचं पॅड दिलं आणि मी तोंडावर बोट ठेवून बसले. दर चिठ्ठीवर चेंडू जरा सरकवून काढायचा, मग पॅड फडफडवलं की तो उसळताना दिसतो. शंभर चिठ्ठ्यांचं पॅड, सेकंदाला १२ चित्रं धरली तर आठ सेकंदांचा सिनेमा. पठ्ठ्यानं पहिलं चित्र सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर काढलं. दुसरं काढायला वरची चिठ्ठी उलटली, तर खाली कोरा कागद. आधीचा चेंडू कुठं होता ते दिसेना. अंदाजानं काढत गेला आणि पॅड फडफडवल्यावर चेंडू गांधीलमाशी चावल्यासारखा नाचला. शिवाय चिठ्ठ्या अंगठ्याखालून सुटतात त्या खालून वर, म्हणजे सिनेमाही उलटा. सुरुवात तळाच्या चिठ्ठीपासून करायची, म्हणजे वरच्या कागदातून खालचं चित्र पुसट दिसतं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की मी ते लिहिलंच नव्हतं. फॉर्म भरून हे मला कुणी सांगितलं असतं?

दुसऱ्या पॅडच्या वेळी तळापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाला, “काकू, वर गेल्यावर चेंडू थांबल्यासारखा वाटतोय, चुकलं का?” वरच्या टोकाला त्यानं सहा चेंडू जवळजवळ काढले होते, जमिनीपाशी लांब लांब. चुकलं नव्हतं, तसंच हवं होतं. स्पेसिंगची व्याख्या त्यानं वाचलीच नव्हती, नुसता चेंडूच्या जागांचा तक्ता बघून केलं होतं. व्याख्या काढून टाकली, तक्ता मोठा केला. आणखी एक दिसलं, झेरॉक्सचा गठ्ठा सपाट राहावा म्हणून त्यानं वर कंपास ठेवला होता. म्हणजे बाइंडिंग वायरचं. खर्च वाढेल, वाढू दे.

मोहीम कुठं लावायची ते मात्र लोंबकळतंय. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर ठरावीक देशांच्या रहिवाशांनाच प्रकल्प लावता येतो, आपण त्या यादीत नाही. तिथली एक गोष्ट मात्र उचलतेय : ठरलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर कुणाचेच पैसे घ्यायचे नाहीत. ३०० प्रतींचं लक्ष्य. त्याआधी ४० जणांनी शंभर रुपये भरून नाव नोंदवलं तरच मोहीम, नाहीतर पुन्हा प्रश्नांचा कागद. आजपर्यंत १७.

रविवारी आणखी चार मुलं येणार आहेत, त्यातली एक डावखुरी. पॅडची सगळी चित्रं मी उजव्या हातानं धरलेली काढलीत. पाच पॅडं आणून ठेवलीत, पोह्यांचं आई बघणार आहे.