‘क्यूई-२’च्या दालनांतून

दुबईच्या पोर्ट रशीद बंदरात २०१८पासून तरंगते हॉटेल झालेली ‘क्वीन एलिझाबेथ २’ (‘क्यूई-२’) ही जुनी ब्रिटिश प्रवासी बोट पाहताना बहुतेक जण तिची लांबी आणि धुरांडे पाहूनच थक्क होतात. मला मात्र तिच्या आतल्या दालनांची ओढ होती, कारण १९६९ साली साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघालेली ही बोट आतून पुढे कितीतरी वेळा बदलत गेली, आणि त्या बदलांच्या खुणा आजही तिच्यावर वाचता येतात.

स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत ती बांधली जात असताना तिची मालक असलेल्या क्यूनार्ड या ब्रिटिश जहाज कंपनीने ‘क्वीन मेरी’सारख्या जुन्या बोटींचा लाकडी-पितळी थाट जाणीवपूर्वक टाळला होता. विमानप्रवासाकडे वळलेल्या पिढीला आपलीशी वाटेल अशी आधुनिक बोट त्यांना हवी होती. म्हणून डेनिस लेनन यांच्या देखरेखीखाली निरनिराळ्या सजावटकारांनी फॉर्मायका, प्लॅस्टिक आणि चकचकीत धातू यांचा मोकळ्या हाताने वापर केला.

त्या काळाची सर्वांत सुंदर खूण म्हणजे मायकेल इंचबाल्ड यांनी घडवलेली ‘क्वीन्स रूम’. तिथे मी बराच वेळ रेंगाळलो. पांढरे खांब खालून निमुळते निघतात आणि वर जाता जाता कर्ण्याच्या तोंडासारखे फुलत छताला मिळतात. छताच्या जाळीदार नक्षीमागून प्रकाश झिरपत असल्यामुळे एवढे रुंद आणि ठेंगणे दालनही दडपल्यासारखे वाटत नाही. इंचबाल्ड यांनी खुर्च्यांच्या बैठकीलाही खांबांचाच आकार दिला होता, म्हणजे संपूर्ण खोली एकाच रेषेतून उमललेली होती. पुढे फर्निचर आणि रंग बदलले, तरी खांब आणि छत टिकले, आणि त्या दोहोंवरूनच मूळ कल्पनेचा धीटपणा लक्षात येतो.

इतर जागांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९७२मध्ये वरच्या डेकवर महागडे पेंटहाऊस कक्ष चढवले गेले. त्याच सुमारास बोटीच्या अग्रभागी समुद्राकडे तोंड असलेले ‘लुकआउट’ दालन स्वयंपाकघरासाठी बळी पडले. मला हा साऱ्या बदलांतील सर्वांत दुःखद बदल वाटतो, कारण अशा बोटीवर बसून समोरचा समुद्र पाहण्याची जागा गमावणे ही साधी गोष्ट नव्हे. १९८२मध्ये ब्रिटन-अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड युद्धासाठी सुमारे ३,००० सैनिक नेताना गालिच्यांवर हार्डबोर्ड अंथरले गेले आणि मौल्यवान सामान किनाऱ्यावर उतरवले गेले. १९८६-८७मध्ये जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे वाफेची टर्बाइन काढून नऊ डिझेल इंजिने बसवण्यात आली, तेव्हा मूळच्या दुमजली ‘डबल रूम’चाही कायापालट होऊन तिची ‘ग्रँड लाउंज’ झाली.

खरे वळण आले ते १९९४मध्ये. हॅम्बुर्गमध्ये झालेल्या त्या मोठ्या नूतनीकरणात पोहण्याच्या तलावाच्या जागी लिडो रेस्टॉरंट आले, आणि मधल्या गोल लॉबीच्या भिंतींवर क्यूनार्डच्या इतिहासाची चित्रे लागली. १९९९मध्ये कॅरोनिया रेस्टॉरंटला महोगनीचा साज चढला. ज्या जुन्या थाटाला नाकारून ही बोट जन्मली, तोच थाट तिने वयाच्या तिशीत अंगावर घेतला. प्रवाशांना ‘क्यूई-२’मध्ये आता गतकाळ हवा होता आणि तिने तो पुरवला, व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच असेल, पण साठच्या दशकातील ब्रिटिश कलाकारांचे काम त्यात झाकले गेले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

२००८च्या नोव्हेंबरमध्ये ती दुबईला पोहोचली, तेव्हा आतून तिची पूर्ण फेररचना करून तिला पाम जुमेरा या कृत्रिम बेटाजवळ उभे करण्याचा बेत होता. त्याच सुमारास जागतिक मंदी आली, बेत बारगळला आणि बोट जवळजवळ दहा वर्षे धक्क्यावर पडून राहिली. या रखडण्यामुळेच क्वीन्स रूमसारखी दालने आज पाहायला मिळतात. हॉटेल करताना जीवरक्षक होड्या मात्र काढून टाकण्यात आल्या आणि त्यांच्यावाचून बोटीच्या दोन्ही बाजू उघड्या दिसतात.

बोटीवर हिंडताना एकच गोष्ट मनात येत राहिली. प्रत्येक दालनाच्या दाराशी १९६९, १९८७ आणि १९९४ची छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली, तर पाहुण्यांना कोणता खांब मूळचा आणि कोणती भिंत नंतरची हे उभ्या उभ्या कळेल.