उट्रेख्तमध्ये बसून जंतूंचं गणित

शिवाजी विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केलेली मुलगी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात जंतूंवर संशोधन करते म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: गणिताचा आणि औषधाचा काय संबंध? राजारामपुरीत माझ्या काकांचं मेडिकल आहे. मी सुट्टीला आले की काउंटरच्या पलीकडून तेही हेच विचारतात आणि आलेल्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगतात, "आमची पोरगी जंतूंची गणितं घालती तिकडं."

हा संबंध जुना आहे आणि त्यात मुंबईही आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी 1927 साली साथ कशी चढते आणि कशी ओसरते याची समीकरणं मांडली. आजही आमच्या क्षेत्रातला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. ती ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर 1905 ते जुलै 1906 मधले. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले. तो शोधनिबंध विद्यार्थिदशेत वाचताना आलेखाखाली मुंबईचं नाव दिसलं आणि मी तिथंच थबकले. पुढं काय करायचं ते त्या पानावर ठरलं.

पीएच.डी.साठी मी जो प्रश्न घेतला तो वरवर सोपा वाटतो. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आणि दाद देणारे जंतू त्याच त्या माणसांच्या घशात जागेसाठी भांडतात. औषध घेतलेल्या माणसात पहिले जिंकतात. औषध न घेतलेल्यात बहुधा दुसरे, कारण औषधाला तोंड देण्याची तयारी बाळगणं जंतूलाही महागात पडतं. हे साध्या समीकरणात घातलं की उत्तर येतं: शेवटी दोघांपैकी एकच उरणार. युरोपातल्या न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूचे आकडे मात्र सांगतात की दोघंही वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदताहेत. मग समीकरणात काय राहून गेलं? लहान मुलं आणि म्हातारी माणसं सारख्याच गोळ्या घेत नाहीत, हे? एका घशात दोन्ही जाती एकदम राहू शकतात, हे? काही जाती घशात जास्त दिवस मुक्काम करतात, हे? यावर अजून वाद चालू आहेत, आणि मला ते मनापासून आवडतात.

या वादांचा आपल्या जगण्याशी थेट संबंध आहे. गोळ्या कमी केल्या की प्रतिरोध, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं, कमी होतो का? फिनलंडमध्ये झाला. तिथं घसादुखीच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंत एरिथ्रोमायसिनला दाद न देणारे 1992 मध्ये 16.5 टक्के होते. त्या गटातल्या गोळ्यांचा वापर देशभर आवरल्यावर 1996 मध्ये ते 8.6 टक्क्यांवर आले. लंडनमध्ये उलटं घडलं. ब्रिटनमध्ये 1991 ते 1999 दरम्यान सल्फा गटाची औषधं लिहून देणं 97 टक्क्यांनी घटलं, तरी तिथल्या एका रुग्णालयात ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूंमधला सल्फाचा प्रतिरोध 39.7 टक्क्यांवरून 46 वर गेला. सल्फाच्या प्रतिरोधाचं जनुक अनेकदा इतर औषधांच्या प्रतिरोधाच्या जनुकांसोबत एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, बसलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही गोळीनं त्या गाठोड्याला आधार दिला की सल्फाचं जनुकही त्याच्यासोबत टिकतं.

परवा आई इथं आली असताना तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं. काही आठवड्यांपूर्वी ती कोल्हापुरात दवाखान्यात राहिली होती, हे कळताच तिला स्वतंत्र खोली दिली. नर्स झगा, हातमोजे, मास्क घालून आत येत. नाकातले, घशातले नमुने घेतले. आई दुखावली. "वाळीत टाकल्यागत करत्यात की गं ही माणसं," म्हणाली. बाहेरच्या देशात रुग्णालयात राहून आलेल्या कुणालाही इथं हाच नियम, हे तिला पटवायला बराच वेळ लागला. तो नियम योग्यच आहे असं मला वाटतं, आणि तिचं दुःखही मला खरंच वाटतं.

त्या नियमामागचं गणित अकरावीत शिकलेल्या भूमिती श्रेढीचं. वॉर्डात औषधाला दाद न देणारा जंतू घेऊन आलेला एक रुग्ण सरासरी 0.9 जणांना तो देत असेल, ते पुढं तितक्याच प्रमाणात देत असतील, तर पहिल्या रुग्णासह बेरीज होते 10 जणांची. ते 0.9 नुसतं 0.8 वर आणलं की बेरीज 5. हात धुणं, वेगळी खोली, एका नर्सकडे कमी खाटा, एवढ्यानं निम्मे रुग्ण वाचतात.

पण हा हिशोब जसाच्या तसा कोल्हापूरला लावता येत नाही, आणि माझं सध्याचं सगळं काम इथंच अडतं. सुमारे 2000 डच प्रवाशांचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सेफॅलोस्पोरिन गटाच्या औषधांना दाद न देणारे आतड्यातले जंतू प्रवासात लागलेल्यांचं प्रमाण एकूण 34 टक्के होतं. दक्षिण आशियातून परतलेल्यांत ते 75 टक्के. हे लोक रुग्णालयात गेले नव्हते. फिरले, जेवले, पाणी प्याले. म्हणजे आपल्याकडं माणूस दाखल होण्याआधीच जंतू त्याच्या पोटात असण्याची शक्यता मोठी. मग कुणाकुणाला वेगळ्या खोलीत ठेवणार?

म्हणून "लोक मेडिकलमधून पाचशे मिलिग्रॅमच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खातात, अर्धा कोर्स सोडतात" एवढ्यावर चर्चा थांबली की मला राग येतो. ते चूक आहेच. काही अँटिबायोटिक चिठ्ठीवरच विकायची आणि त्यांची नोंद ठेवायची, असा शेड्यूल एच-वनचा नियम 2014 पासून लागू आहे, काका त्याची नोंदवही नेमानं लिहितात. पण 2018 मध्ये अनेक देशांच्या आकड्यांची तुलना झाली तेव्हा प्रतिरोधाचं नातं गोळ्यांच्या खपापेक्षा सांडपाण्याची सोय, स्वच्छ पाणी आणि कारभार यांच्याशी जास्त घट्ट दिसलं. समीकरणात संसर्गाचा दर हे वेगळं पद आहे, आणि आपल्याकडं ते पद सांडपाण्यासोबत जयंती नाल्यातून पंचगंगेत वाहतं. मैला शुद्ध करणारं केंद्र नीट चालवणं हा अँटिबायोटिक वाचवण्याचाच उपाय आहे. महापालिकेच्या बैठकीत हे कुणीतरी असंच म्हणायला हवं.

विद्यापीठातली मुलं विचारतात, यात यायला काय शिकू? डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यता, आणि आर ही मोफत मिळणारी संगणकभाषा. शिवाय सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात जाऊन प्लेटवर जंतू कसा वाढतो ते डोळ्यांनी बघा. नाल्याच्या पाण्यात, महापुरानंतरच्या विहिरीत, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांच्या पोटात हे जंतू किती आहेत, हे महिन्यामागून महिने मोजायला कुणी तयार असेल, तर समीकरणं मांडायला मी इथून बसते. पुढच्या सुट्टीत समोरासमोर भेटूच.