तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या पौंडाच्या नोटेचे किती येतील?

"ताई, आजोबा साठच्या दशकात लंडनला होते, त्यांच्या पाकिटात एक पौंडाची हिरवी नोट निघालीये, एवढी जुनी आहे म्हणजे लाखभर तरी येतील ना?" मी इंग्लंडमध्ये राहते आणि जुन्या ब्रिटिश नोटा जमवते म्हणून हा प्रश्न मला पुण्यातल्या नातेवाइकांपासून इथल्या मराठी मंडळींपर्यंत सगळे विचारतात, तर एकदा नीट लिहूनच टाकते.

बहुतेक वेळा नाही येत. राणीचं चित्र असलेली पौंडाची नोट 1960 ला आली आणि 1988 ला पौंडाच्या नोटाच बंद झाल्या, मधल्या काळात त्या इतक्या छापल्या गेल्या की वापरलेली, घड्या पडलेली नोट आजही ढिगाने मिळते आणि जमवणारे तिचे चार-दोन पौंड देतात. फेस व्हॅल्यू, म्हणजे नोटेवर छापलेली किंमत, मात्र कधीच बुडत नाही, बँक ऑफ इंग्लंड तिच्या कुठल्याही जुन्या नोटेचे पैसे आजही देते, पण दहा शिलिंगाच्या, म्हणजे जुन्या अर्ध्या पौंडाच्या, नोटेचे 50 पेन्सच मिळतात, त्यामुळे जरा बरी असेल तर तिथे नेऊ नका.

मी नोट हातात घेतली की आधी सही बघते. आपल्याकडे नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, इथे बँक ऑफ इंग्लंडच्या चीफ कॅशियरची असते, आणि या नोटांवर तारीख नसल्याने काळ सहीवरूनच कळतो. हॉलम असेल तर 1962 ते 66, फोर्ड 66 ते 70, पेज 70 ते 80. मग नंबर. साठ-सत्तरच्या त्या हिरव्या नोटेचा नंबर एम अक्षराने सुरू होत असेल तर ती बदली नोट, म्हणजे छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली, आपल्याकडच्या स्टार नोटेसारखीच. हॉलमच्या काही नोटांवर मागे एक बारीकसा जी असतो, गोबेल नावाच्या छपाई मशीनची ती खूण. घरच्यांना हे दिसतच नाही, ते राणीचा चेहरा बघत बसतात, आणि मला तो जी दिसला की खरंच आनंद होतो!

पण माझा खरा जीव आहे तो पांढऱ्या पाच पौंडांवर. 1957 ला निळी नोट येईपर्यंत पाच पौंड म्हणजे मोठ्या रुमालाएवढा पांढरा कागद, एकाच बाजूला काळ्या शाईत छापलेला, कोपऱ्यात छोटीशी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, आणि तारीख आणि गाव चक्क छापलेलं. बहुतेकांवर लंडन असतं पण लिव्हरपूल, लीड्स, मँचेस्टर अशी शाखेची नावं असलेल्या जुन्या नोटा निघतात आणि त्यांना भाव वेगळाच. मागची बाजू कोरी, त्यामुळे दुकानदार गिऱ्हाइकाला तिथे नाव-पत्ता लिहायला लावायचे, ती शाई अजून दिसते. बाजारात अशा लिखाणाने किंमत उतरते, मला ते पटत नाही पण भाव सांगताना धरावं लागतंच. चांगल्या अवस्थेतली साधी लंडनची नोटसुद्धा शंभर पौंडांच्या पुढे जाते.

यात नाझींच्या खोट्या नोटाही येतात. साक्सेनहाउझनच्या छळछावणीत ज्यू कैद्यांकडून त्यांनी पांढऱ्या नोटा छापून घेतल्या, इतक्या हुबेहूब की इंग्लंडला दहा पौंड आणि वरच्या नोटा 1943 मध्ये बंद कराव्या लागल्या, आणि युद्धानंतर पाचाच्या नोटेत धातूची तार आली. त्या खोट्या नोटाही लोक जमवतात, फक्त विकताना खोटी आहे हे सांगूनच विकायची.

नव्या नोटेलाही भाव येतो बरं का. 2024 मध्ये राजा चार्ल्सच्या नोटा निघाल्या तेव्हा बँकेने सुरुवातीचे नंबर चॅरिटीसाठी लिलावात काढले, त्यात दहा पौंडाची एचबी01 000002 नंबरची नोट 17,000 पौंडांना गेली. आजोबांची नोट तिच्याहून कितीतरी जुनी, पण नंबर साधा.

आणि कृपा करून नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटली असेल तर सेलोटेप लावू नका. इस्त्रीने घडी जात नाही, कागदाचा कडकपणा जातो आणि जाणकाराला ते बोट लावल्या लावल्या कळतं. एकही घडी नसलेली आणि मधोमध एकच घडी असलेली, या दोन नोटांच्या भावात दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. आहे तशी सरळ करून जाड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीचं नको, ते कागदाला चिकटतं.

मला फोटो पाठवायचा तर दोन्ही बाजूंचा पाठवा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, सही आणि नंबर वाचता येईल असा, आणि एक फोटो नोट उजेडासमोर धरून काढा म्हणजे वॉटरमार्क आणि कोणी टाचणी लावली असेल तर तिची भोकं दोन्ही दिसतील.