चौदावी बैठक झाली: टिकलेले नियम, मोडीत काढलेले नियम

परवा आमच्या डी अँड डीची, म्हणजे फाशांवर चालणाऱ्या गोष्टीच्या खेळाची, चौदावी बैठक झाली. पैलवान शाबूत आहे, भगत दुसऱ्यांदा मरता मरता वाचला, मांत्रिकाकडं एकही मंत्र शिल्लक नाही, आणि चोराच्या पिशवीत दोन राज्यांचे वसुलीचे शिक्के आहेत. मागची नोंद नवव्या बैठकीपर्यंतची होती. त्यात मोठ्या आवेशात सात घरगुती नियम लिहिले होते. त्यातले तीन आता वहीत खोडून टाकलेत.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बेळगावात टिळकवाडीत आमच्या घराच्या माडीवर दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी आम्ही पाच जण बसतो. मांत्रिक माझा मामेभाऊ. भगत म्हणजे शेजारचे निवृत्त सर. पैलवान खेळते ती ताई खानापूरहून एसटीनं येते, स्वतः शाळेत शिकवते. आणि चोर इंजिनिअरिंगचा पोरगा आहे, त्याच्या घरी कन्नड. मी उद्यमबागेत मशीन शॉपला असतो, हे पुढं उपयोगी पडणार आहे म्हणून सांगून ठेवतो. खेळ डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, २०१४ ची पाचवी आवृत्ती. एक जण जीएम, आमच्यात मी, गोष्ट आणि राक्षस चालवतो; बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात, आणि निकाल फाशावर. तिचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट मिळतो, त्यामुळं कुणाला पुस्तक घ्यायला लावलं नाही. बोलणं मराठीत, चिडणं कन्नडमध्ये, आकडे इंग्रजीत.

सुरुवात भाषेच्याच गोंधळापासून करतो. दहाव्या बैठकीला मंडळी गुहेत शिरली. गुहा मी भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांवर बेतली होती, वटवाघळांसकट. चोर पुढं गेला, मी त्याला चिठ्ठीवर लिहून दिलं की आत उंदरांचा थवा आहे. वाचल्या वाचल्या तो ओरडला, "इली अदाव, इली!" इली म्हणजे उंदीर. पण बाहेर पावसाचा पत्र्यावर ताशा चाललेला, आणि मामेभावाला ऐकू आलं "हुली". हुली म्हणजे वाघ. त्यानं विचार न करता थंडरवेव्ह सोडली. उंदीर तर गेलेच, पण त्या मंत्राचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे साधारण ९० मीटर. गुहेतले सगळे गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, जागे झाले.

इथं माझा एक नियम आहे आणि तो मी अजून बदललेला नाही: खेळणाऱ्याचा ऐकण्यात घोळ झाला आणि त्याच्या पात्राचा तसा घोळ झाला नसता, तर चाल परत घ्यायची. माणूस माडीवर बसलाय, पात्र गुहेत उभं आहे, डोळ्यानं बघतंय. मी म्हटलं, मंत्र परत घे. तर मामेभाऊच नको म्हणाला. "अंधारात ओरडला असता तर माझ्या मांत्रिकालाबी वाघच ऐकू आला असता की." बाकीच्यांनीही मान डोलावली. तेव्हापासून कुणी काही चुकीचं ऐकलं की आमच्यात "वाघ आला" म्हणतात. चाल परत घेण्याची मुभा आजवर कुणी वापरलेली नाही, पण ती आहे म्हणून कुणी चिडतही नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वेळी ज्याला मी सातपैकी एक नियम म्हणून मधेच कुठंतरी लिहिलं होतं, तोच खरा नियम निघाला आणि बाकीचे त्याच्या टेकूवर उभे आहेत: बोली आधी, फासा नंतर. फासा हातातून सुटायच्या आधी जीएमनं मोठ्यानं सांगायचं, जमलं तर काय आणि फसलं तर काय. सांगता येत नसेल तर फासा टाकायचाच नाही.

हे सुचलं ते चोराच्या कुलपामुळं. कुलपाची अवघडता १५, त्याचं कौशल्य अधिक ५. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, डी२० वर, १० किंवा वर पडलं की उघडलं, ५५ टक्के. पहिल्यांदा फसलं. "अण्णा, आणि एकदा टाकतो की." मी हो म्हटलं. परत फसलं, परत टाकला. चार वेळा टाकायला मिळाला तर उघडायची शक्यता ९६ टक्के होते, म्हणजे कुलूप लावलंय कशाला? आणि मी तिथं बसून नुसता "नाही उघडलं, नाही उघडलं" म्हणत होतो. आता तेच कुलूप असं येतं: "जमलं तर आवाज न करता उघडेल. फसलं तरी उघडेल, पण तोवर गस्तीवाला वळून इकडं आलेला असेल. टाकतोस?" फासा एकच. आणि चोर पहिल्यांदाच टाकावा की नको म्हणून विचार करत बसला.

बोली लावायला लागल्यावर पडद्यामागं फासे टाकायची सोय आपोआप गेली. आधी मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा पडदा लावून मागं टाकायचो आणि, कबूल करतो, चौथ्या बैठकीत गॉब्लिनचा फटका दोन आकड्यांनी कमी सांगितला होता. ताईनं ते चेहऱ्यावरून ओळखलं. ती काही बोलली नाही, घरी जाताना जिन्यात एवढंच म्हणाली, "पेपर तपासताना तुम्ही दोन मार्क वाढवून दिल्यासारखं वाटलं." त्या पुठ्ठ्यावर आता चहाची किटली ठेवतो.

खोडलेल्या नियमांपैकी पहिला क्रिटिकलचा. डी२० वर २० पडलं की पुस्तकाप्रमाणे नुकसानीचे फासे दुप्पट. त्यात दोनदा १ पडून पोपट होतो, म्हणून आम्ही ठरवलं होतं की एका संचाची पूर्ण किंमत धरायची आणि दुसरा टाकायचा. खेळणारे खूश. बाराव्या बैठकीत ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाला २० पडलं. त्याच्या सोट्याचं नुकसान २ डी८ अधिक ४, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे आणि वर ४. पुस्तकाप्रमाणे सरासरी नुकसान २२ झालं असतं आणि सरांचे जीवाचे गुण २४ होते, म्हणजे बहुतेक भगत उभा राहिला असता. आमच्या नियमानं सरळ १६ धरले, वर ५ आणि ६ पडले, अधिक ४. एकतीस. भगत आडवा. नंतर गणित मांडून बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: राक्षस एका लढाईपुरता जगतो, पात्रं चौदा चौदा बैठका मार खातात. क्रिटिकल जोरदार करणारा कुठलाही नियम लांब पल्ल्यात खेळणाऱ्यांवरच उलटतो. आता फक्त पात्रांना तो नियम, राक्षसांना पुस्तक. हे अन्यायाचं आहे असं मामेभावाचं म्हणणं आहे. असू दे.

पण भगत पडला तेव्हा वाटीचा नियम मात्र खरा ठरला. पात्र पडलं की दर पाळीला मृत्यूचा फासा: १० किंवा वर पडलं की एक सुटका, खाली पडलं की एक ठेच, तीन ठेचा झाल्या की खेळ संपला. सगळ्यांना आकडे दिसत असले की बाकीचे निवांत असतात, "अजून दोन ठेचा आहेत, आधी ओगर उरकूया." म्हणून आमच्यात पडलेला माणूस स्टीलच्या वाटीखाली फासा टाकतो, वाटीची कड उचलून एकटाच बघतो, आणि तोंडातून शब्द काढत नाही. कुणी त्याच्या शेजारी पोचेपर्यंत आकडा कुणाला कळत नाही, मलाही नाही. सरांनी वाटी फरशीवर पालथी घातली, आत फासा किणकिणला, त्यांनी चष्मा वर करून वाकून बघितलं आणि वाटी परत खाली ठेवली. चेहरा परीक्षेच्या हॉलमध्ये असतो तसा. दुसऱ्या पाळीलाही तसंच. ताईनं ओगरला पाठ दाखवून धाव घेतली, पाठीवर फटका खाल्ला, भगताच्या तोंडात औषध ओतलं. मग सरांनी वही दाखवली. दोन ठेचा होत्या.

औषधाबद्दल एक ओळ: औषध स्वतः प्यायला पूर्ण कृती न धरता बोनस कृती, म्हणजे पाळीतली छोटी जादा कृती, धरायची हा आमचा नियम पहिल्या दिवसापासून होता. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत तोच अधिकृत झाला. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पण छाती फुगवून घेतली.

पाळीचा क्रम. आधी नाणेफेक करून एक पूर्ण बाजू, मग दुसरी पूर्ण बाजू असं केलं. दोन बैठकांत बंद. आठ गॉब्लिनना पहिली पाळी मिळाली की पैलवान हातपाय हलवायच्या आत जमिनीवर. मग पिशवीतून नाणी काढायची पद्धत आणली: प्रत्येक पात्राचं एक नाणं, शत्रूंच्या प्रत्येक टोळीचं एक, निघेल त्याची पाळी. नाणी मीच केली. २० मिलिमीटरच्या पितळी बारचे उरलेले तुकडे होते, लेथवर ४ मिलिमीटर जाडीचे पार्ट केले, कडा मोडल्या, नंबर पंचनं आकडे मारले. शत्रूंची वेगळी ओळखू यावीत म्हणून ॲल्युमिनियमची केली. दिसायला फार छान. चोरानं पहिल्याच लढाईत पिशवीत हात घालून सलग तीन वेळा आपल्याच बाजूचं नाणं काढलं. ॲल्युमिनियमची घनता पितळेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. हलकं नाणं बोटाला लागलं की तो सोडून द्यायचा. मी दिवसभर मटेरियलमध्ये हात घालणारा माणूस, आणि हे मला सुचू नये! आता सगळी नाणी पितळेची, शत्रूंच्या नाण्यावर फक्त फुली.

त्यावर चोराची तक्रार अशी की चपळाईला काही किंमतच उरली नाही. ही तक्रार मात्र रास्त होती. तोडगा: ज्याची चपळाई १६ किंवा वर, त्याची पिशवीत दोन नाणी. पहिलं निघालं की पाळी, दुसरं निघालं तर बाजूला ठेवून पुढचं काढायचं. तीन बैठका चाललंय, अजून तरी कुणी कुरकुरलेलं नाही.

ओझ्याचा नियमही बदलला. पुस्तकात शक्ती गुणिले १५ पौंड. ताईच्या पैलवानाची शक्ती १६, म्हणजे २४० पौंड, जवळजवळ १०९ किलो. साखरेची दोन पोती पाठीवर घेऊन हा गडी कडा चढणार! आणि बेरीज कोण करत बसणार. आता शक्तीचा जो आकडा तितके खाने, एका खान्यात एक वस्तू, जड वस्तूला दोन. वहीच्या शेवटच्या पानावर चौकोन आखले की झालं. अनुभवाचे गुण मोजणं तर कधीच सोडलं, टप्पा गाठला की पातळी वाढते.

दिवाळीतला प्रयोग मागच्या नोंदीत राहून गेला होता. पुतण्यानं अंगणात मातीचा किल्ला केला होता, बुरूज, दगडी पायऱ्या, गेरूचा दरवाजा, मोहरी पेरून उगवलेलं रान, आणि आपल्या भुईकोटाला आहे तसा खंदकही. एवढी तयार रणभूमी समोर असताना कागदावर चौकटी आखायच्या? सुतळीला खेळातल्या पाच फुटांच्या मापानं गाठी मारल्या आणि लढाई अंगणात नेली. अडचण एकच आली. मी गॉब्लिन म्हणून मातीचे मावळे उचलायला गेलो तर पुतण्या आडवा पडला. "काका, मावळ्यांना राक्षस करायचं नाही." बरोबरच होतं त्याचं. मग गॉब्लिन म्हणून शेंगदाणे ठेवले, मारेल त्यानं खायचे. तटाच्या उंचीमुळं कोण कुणाला दिसतोय हा वाद एकदाही झाला नाही, गुडघ्यावर बसून मान वाकडी करून बघायचं. पुतण्यानंच तीन गॉब्लिन फासा न टाकता संपवले.

आणि परवाची बैठक. खेळातलं एक गाव दोन राज्यांच्या हद्दीवर आहे. दोन्हीकडचे वसुलीवाले येतात, पाटी दोन लिप्यांत, कुणाचं राज्य आलं की त्याची लिपी वर. पहिलीच्या आधीच्या बैठकीत, शून्याव्या म्हणा, आम्ही ठरवलं होतं की १९५६ पासूनचा आपला खरा सीमावाद टेबलावर आणायचा नाही, कुठल्याच बाजूनं. म्हणून हे गाव आणताना माझ्या पोटात गोळा होता. नकाशा उलगडला, वर्णन वाचलं, सगळे गप्प. मग सर चहाचा कप ठेवून म्हणाले, "हे गाव मला वळखीचं वाटालंय." चोर सगळ्यांत आधी हसला.

गावकऱ्यांची युक्ती चोरानंच काढली: इकडच्या वसुलीवाल्याला तिकडची पावती दाखवायची, तिकडच्याला इकडची. त्यासाठी दोन्हीकडचे शिक्के चोरायचे. मी बोली लावली: "जमलं तर एक हंगाम गाव कुणालाच काही देणार नाही. फसलं तर शिक्के मिळतील, पण दोघे वसुलीवाले एकाच दिवशी गावात येतील." चौघांनी आपापसांत दहा मिनिटं घासाघीस केली, ताईनं पळून जायची वाट आधीच बघून ठेवली, मग चोरानं फासा टाकला. ६ पडलं, म्हणजे फसलं.

वसुलीवाले किती जवळ आलेत ते मोजायला पाटीवर मी खडूनं सहा फाकींचं वर्तुळ काढून ठेवलंय, त्यातल्या पाच भरल्या. सहावी भरली की दोघे वेशीवर. पुढच्या रविवारी पैलवानाकडं सोळातले तीन खाने रिकामे आहेत, मांत्रिक झोपून उठलेला असेल. दोन वसुलीवाल्यांच्या दोन टोळ्या म्हणजे फुलीची आणखी दोन नाणी लागणार, पितळेचा तुकडा बाजूला काढून ठेवलाय. त्या टोळ्या एकमेकांवरही तुटून पडल्या तर पिशवीत नाणी कशी घालायची ते मात्र अजून ठरत नाही. कुणी तीन बाजूंची लढाई नाण्यांवर चालवली असेल तर कसं जमवलं ते सांगा.